गावातली शेवटची बँक बंद होतेय. टाउन कौन्सिलच्या हातात नक्की काय असतं? (इंग्लंड)

सुईदोरा

नमस्कार. यूकेत राहणाऱ्यांसाठी प्रश्न आहे, त्यातही लंडन-लेस्टरबाहेर लहान गावांत असाल तर जास्तच.

आमचं गाव मिडलंड्समधलं, आठवडी बाजार भरणारं. गावाचं आणि बँकेचं नाव मुद्दाम देत नाही. पत्रव्यवहार चालू आहे, शिवाय शाखेतल्या दोघीजणी माझ्या गिऱ्हाईक आहेत. हाय स्ट्रीटवर एकेकाळी चार बँका होत्या म्हणे. एकीत आता चष्म्याचं दुकान आहे, एकीत कॅफे (तिजोरीच्या खोलीत बाबागाड्या लावतात), एक नुसतीच रिकामी. चौथी, शेवटची, बंद करत असल्याचं पत्र आलं. त्यात बरेच आलेख आहेत, लोक अ‍ॅप किती वापरतात वगैरे. 'सर्वांत जवळची शाखा' म्हणून दिली आहे ती नऊ मैलांवर.

माझं ऑल्टरेशनचं दुकान आहे. पँटची उंची, जॅकेटची चेन, नवरीच्या गाऊनची फिटिंग. गाऊन सोडले तर सगळी लहान रकमेची कामं, आणि वयस्कर गिऱ्हाईक रोखच देतं. कार्ड मशीन आहे, कुणाला नाही म्हणत नाही. पण गल्ल्यात नोटा साचतात आणि सुटी नाणी संपतात, दोन्हीसाठी आजवर बँकेतच जायचे. वर आमच्या मराठी मंडळाची खजिनदारही मीच. गणपतीच्या दानपेटीतली नाणी मोजून पिशव्यांत भरून नेली की काउंटरवरची बाई हसायची, पण घ्यायची.

आता मुद्दा. टाउन कौन्सिलने सार्वजनिक सभा बोलावली आहे. 'सेव्ह अवर बँक' असा अर्ज, सह्या, फलक अशी तयारी चालू आहे आणि व्यापाऱ्यांच्या वतीने मी बोलावं असं क्लार्कबाईंनी (कौन्सिलचा कारभार पाहणाऱ्या अधिकारी) सांगितलंय. नवरा म्हणतो, चहा-बिस्किटं खाऊन ये, होणार काही नाही. कौन्सिलला खरंच काही करता येतं का? कुणी अशा प्रकरणातून गेलंय का? मी नेमकं काय बोलू?

फुकटचा_सल्ला

खरं सांगू का, रोख पैसे घेणं बंद करा. आमच्या नाक्यावरचा न्हावीसुद्धा फक्त कार्ड घेतो. कौन्सिलने खड्डे बुजवावेत, बँका वाचवायच्या भानगडीत पडू नये.

सुईदोरा

@फुकटचा_सल्ला, खड्डे काउंटी कौन्सिलकडे आहेत, टाउन कौन्सिलकडे नाहीत. आणि माझ्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्या आजीबाईंना तुम्ही येऊन समजावणार असाल तर चहा माझ्याकडून.

पायरीवरून

ताई, मी इंग्लंडच्या नैऋत्येला एका लहान गावाच्या टाउन कौन्सिलवर आहे, दुसरी टर्म. पक्ष नाही, अपक्ष. आमच्याकडची शेवटची बँक गेली त्या सगळ्या प्रकरणात मी होतो, त्यामुळे जरा लांब लिहितो.

आधी वाईट बातमी. बँक थांबवता येत नाही. शाखा बंद करणं हा बँकेचा धंद्याचा निर्णय. त्यावर कौन्सिलला, खासदाराला, कुणालाच नकाराधिकार नाही. प्लॅनिंगच्या वाटेनेही नाही. इंग्लंडात १ सप्टेंबर २०२० पासून दुकान, बँक, कॅफे, ऑफिस हे सगळं 'क्लास ई' या एकाच गटात टाकलंय. त्यामुळे उद्या बँकेच्या जागी कॉफी शॉप आलं तर वापरबदलाची परवानगीच लागत नाही, म्हणजे नाकारायला कौन्सिलसमोर अर्जच येत नाही. प्लॅनिंग मुळात टाउन कौन्सिलचं नव्हे, वरच्या मोठ्या कौन्सिलचं, म्हणजे डिस्ट्रिक्टचं किंवा युनिटरीचं काम. आपण फक्त मत कळवतो. म्हणून 'सेव्ह अवर बँक'चे फलक धरून पायऱ्यांवर फोटो काढायला हरकत नाही, स्थानिक पेपरात छान येतो, पण सगळा जोर त्यात घालवू नका. देशभर २०१५ पासून सहा हजारांहून जास्त शाखा गेल्या आहेत. त्यातल्या किती सह्यांनी वाचल्या?

आता चांगली बातमी. कायदा बँकेचं रक्षण करत नाही, रोकडीचं करतो. फायनान्शियल सर्व्हिसेस अँड मार्केट्स अ‍ॅक्ट २०२३ ने एफसीएला (बँकांवर देखरेख करणारी नियामक संस्था) तसा अधिकार दिला आणि १८ सप्टेंबर २०२४ पासून नियम लागू झाले. नेमून दिलेल्या मोठ्या बँका आणि बिल्डिंग सोसायट्यांनी (सभासदांच्या मालकीच्या बचत-गृहकर्ज संस्था) शाखा बंद करताना तपासायचं, की या गावात रोख काढणं आणि रोख भरणं यात खिंडार पडतंय का. पडत असेल तर वाजवी पर्याय द्यायचा. आणि तो पर्याय सुरू होईपर्यंत आहे ती सोय बंद करायची नाही. ही शेवटची ओळ सभेत दोनदा वाचा, आमच्याकडे निम्म्या कौन्सिलरांना ती माहीत नव्हती.

तपासणी करते 'लिंक', एटीएमचं जाळं चालवणारी तीच संस्था. शाखा बंद होण्याची घोषणा झाली की ती सुरू होते, म्हणजे तुमच्या गावाची झालीही असेल. निकाल त्यांच्या वेबसाइटवर असतो. सभेच्या आधी तो छापून घ्या. 'नवी सोय लागणार नाही' असा निकाल असेल तर फेरविचार मागता येतो, आणि मागणी कुणीही करू शकतं: रहिवासी, दुकानदार, कौन्सिल, खासदार. कौन्सिलने मागितली की वजन वाढतं असं नियमात कुठेही नाही. पण कौन्सिलकडे क्लार्क असतो, लेटरहेड असतं, आणि लोकांकडून माहिती गोळा करायचं निमित्त असतं. माझ्या मते कौन्सिलचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो कमी नाही.

माहिती म्हणजे काय? इथेच बहुतेक सभा भरकटतात. आमच्या सभेत दीड तास काय चाललं होतं? 'माझ्या आईला माणसाशी बोलायला लागतं', 'नवरा गेल्यावर खातं बंद करायला मी त्या मॅनेजरकडेच गेले होते', 'आमच्या लहानपणी इथे संगमरवरी काउंटर होता'. सगळं खरं आहे, मलाही गलबलून आलं. पण ते नियम खातं उघडणं, कर्ज, वारसाचे कागद, माणसाशी बोलणं यातल्या कशालाही हात लावत नाहीत. लिंक बघते दुकानं किती, लोकसंख्या किती आणि कशी, पुढची शाखा किती लांब, तिथे जायला काय लागतं, पोस्टात काय होतं. तेव्हा त्या भाषेत बोला.

तुमच्यापुरतं सांगतो. तुम्ही आठवड्याला अंदाजे किती रोख भरता, किती सुटे घेता, ते लिहून न्या. बाजाराच्या दिवशी ठेलेवाले पैसे कुठे भरतात ते विचारा, कारण ते गावात राहत नाहीत आणि लोकसंख्येच्या आकड्यात दिसत नाहीत. तुमच्या पोस्टाचं काउंटर किती वाजता बंद होतं? एकच खिडकी आहे का? पोस्टात जवळजवळ सगळ्या बँकांच्या खात्यांत रोख भरता येते, म्हणून 'पोस्ट आहे ना' हे उत्तर पहिल्यांदा येणार. पण भरण्यावर बँकांनी मर्यादा घातल्या आहेत आणि त्या प्रत्येक बँकेच्या वेगळ्या. तुमच्या गल्लीतल्या मांसवाल्याला त्या मर्यादेचा फटका बसत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या.

आणि बस. 'नऊ मैल' असं नुसतं म्हणू नका. वेळापत्रक काढा. इंग्लंडात एकेरी भाड्यावर तीन पौंडांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा पौंडांपर्यंत. ज्येष्ठांचा फुकट पास सोमवार ते शुक्रवार बहुतेक ठिकाणी सकाळी साडेनऊनंतरच चालतो. आमच्याकडे साडेनऊनंतरची पहिली बस धरली तर परतीची दुपारनंतरच होती. बँकेच्या पत्रात गाडीने लागणारी मिनिटं दिली होती. आम्ही शेजारी बसची लिहून पाठवली.

सरकारच्या ऑगस्ट २०२३ च्या धोरणपत्रात बहुसंख्य लोकांना शहरात एक मैल, ग्रामीण भागात तीन मैल अंतरात रोख काढण्या-भरण्याची सोय असावी असं धरलंय. पत्रात ते उद्धृत करा.

हबबद्दल, म्हणजे अनेक बँकांनी मिळून चालवलेल्या सामायिक काउंटरबद्दल, नंतर लिहितो, जेवायला बसतोय.

अनामिक_पोस्टवाला

वरच्या काकांना दुजोरा. मी पोस्टाच्या काउंटरवर काम केलंय, किराणा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातलं असतं तसलं. बँक बंद झाल्याच्या पुढच्या सोमवारी रांग ब्रेडच्या रॅकपर्यंत जाते. दुकानवाले नोटा आणि नाणी घेऊन येतात आणि मागे पासपोर्टचा फॉर्म घेऊन उभा असलेला माणूस सुस्कारे टाकतो. तुमच्या पोस्टमास्तरला सभेला बोलवा. त्याला भरण्याचं काम हवंय की नकोय हे त्याच्याच तोंडून येऊ द्या, बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

ग्लासगोकर

स्कॉटलंडमधून. पहिल्या दोन हबांपैकी एक आमच्या बाजूचं, कॅम्बसलँगचं. दुसरं एसेक्समधलं रॉचफर्ड. दोन्ही २०२१ मध्ये चाचणी म्हणून सुरू झाली, त्या चाचणीत हे-ऑन-वाय वगैरे गावंही होती. कॅम्बसलँगला मी गेलोय. बाहेरून पाहिलं तर साधं दुकान, आत पोस्टासारखं काउंटर आणि बाजूला एक छोटी खोली. खोलीत रोज वेगळ्या बँकेचा माणूस बसतो. दारावर तक्ता असतो, कुठल्या वारी कुठली बँक. तुमच्या बँकेचा वार सोडून गेलात तर काउंटरचं काम होतं, खात्याच्या भानगडी नाही.

वर 'क्लास ई' लिहिलंय ते फक्त इंग्लंडचं, इकडचे गट वेगळे. आणि इकडे टाउन कौन्सिल नसतंच, कम्युनिटी कौन्सिल असतं, ज्याला कर लावायचा अधिकार नाही. तुमच्याकडे निदान प्रीसेप्ट (कौन्सिल टॅक्समधला टाउन कौन्सिलचा वाटा) तरी मिळतो हो.

सुईदोरा

@पायरीवरून काका, मनापासून आभार. लिंकचा निकाल शोधला. 'अतिरिक्त सोयीची गरज आढळली नाही.' कारणांत गावातली बिल्डिंग सोसायटीची शाखा आणि पोस्ट दोन्ही मोजली आहेत. पण त्या सोसायटीत माझं खातं नाही, आणि माझ्या बँकेच्या खात्यात तिथून पैसे भरता येत नाहीत. मग ती 'सोय' कशी झाली?

दुसरं, लायब्ररीची मागची खोली रिकामी आहे, मुलांच्या गाण्यांचा वर्ग आठवड्यातून एकदा असतो तेवढाच. ती देता येईल का?

तिसरं, बँकेची इमारत. दगडी, खांबवाली, कोपऱ्यावरची. ती रिकामी पडली तर हाय स्ट्रीटचा तो कोपराच मरतो. आधीची एक रिकामी आहेच, तिच्या खिडकीत अजून 'टू लेट'चा पिवळा पडलेला कागद आहे.

पायरीवरून

जेवण झालं. एकेक घेतो.

बिल्डिंग सोसायटी. काही गावांना नकार नेमका याच मुद्द्यावर आलाय आणि खासदारांनी त्यावर संसदेत आरडाओरडाही केलाय. नियमात काढणं आणि भरणं दोन्ही आहे, आणि घरगुती ग्राहक व लहान धंदे दोन्ही आहेत. म्हणून फेरविचाराच्या अर्जाचा कणा तोच ठेवा: 'या शाखेत इतर बँकांच्या खात्यात रोख भरता येत नाही, गावातल्या अमुक दुकानांपैकी अमुक दुकानांची खाती इतर बँकांत आहेत.' पहिलं वाक्य शाखेत जाऊन, विचारून, तारखेसह लिहा. दुसऱ्यासाठी हाय स्ट्रीटवर एक फेरी मारा. आमच्याकडे हे काम एका निवृत्त शिक्षिकेने केलं. दुकानदार तिचे जुने विद्यार्थी, नाही कोण म्हणणार!

खोली. ही तुमच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. हब मंजूर झालं तरी उघडायला वेळ लागतो, कारण जागा मिळत नाही. हब चालवते कॅश अ‍ॅक्सेस यूके, तिच्यामागे नऊ मोठ्या बँका, खर्च त्यांचा. कौन्सिलने पैसे घालायचे नसतात, त्यामुळे 'कराचा पैसा बँकेवर कशाला' असं सभेत कुणी उठून म्हणालं तर हे सांगा. कौन्सिल देऊ शकतं ती जागा, तीही बाजारभावाने भाड्याने. आमच्याकडे टाउन हॉलच्या तळमजल्यावर जुनं पर्यटन माहिती केंद्र धूळ खात होतं. मंजुरी आली त्याच आठवड्यात क्लार्कने आराखडा, वीज, रॅम्प, मागच्या दाराचं माप हे सगळं पाठवून दिलं. मागचं दार महत्त्वाचं, रोकड नेणारी गाडी कुठे लागणार हे ते पहिल्यांदा विचारतात. कायमची जागा तयार होईपर्यंत लायब्ररी किंवा हॉलमध्ये तात्पुरतं हबही सुरू करतात. फक्त तुमची लायब्ररी काउंटीची आहे ना? मग टाउन कौन्सिलने आधी काउंटीला लिहावं. मुलांची गाणी कुठे हलवायची तेही त्याच पत्रात सुचवा, नाहीतर आया सभेत तुमच्याविरुद्ध उभ्या राहतील. (अनुभव आहे.)

हबची वेळ सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाच. तुमचा बाजार शनिवारचा असेल तर ठेलेवाल्यांचा प्रश्न सुटत नाही. रोख भरायचं मशीन मागता येतं का ते अर्जात वेगळं लिहा.

एक आडवी गोष्ट. तुमच्या टाउन कौन्सिलचं स्वतःचं खातं कुठल्या बँकेत आहे आणि बाजारातल्या जागांचं भाडं रोखीत घेतात का, हे सभेत विचारा. आमच्याकडे या प्रश्नावर अध्यक्षांनी क्लार्ककडे पाहिलं, क्लार्कने छताकडे. मग लक्षात आलं की कौन्सिल स्वतःच एक प्रभावित ग्राहक आहे, आणि अर्जाला पहिलं उदाहरण घरातच मिळालं.

इमारत. हा वेगळा सामना आहे, बँकेच्या सामन्यात मिसळू नका. तुमची ती दगडी इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित यादीत, आहे का ते पाहा. असेल तर पाटी, एटीएम, काउंटर काढून भिंत बुजवायलासुद्धा लिस्टेड बिल्डिंगची परवानगी लागते, आणि निदान दर्शनी भाग वेडावाकडा होत नाही. पण त्याची दुसरी बाजू कडू आहे. साधं रिकामं दुकान तीन महिने बिझनेस रेट्समधून (व्यापारी जागेवरचा कर) सुटतं, नंतर मालकाला पूर्ण भरावे लागतात, म्हणून तो भाडेकरू शोधतो. लिस्टेड इमारत रिकामी असेपर्यंत भरावेच लागत नाहीत. मालकाला घाई कसली?

'असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू' म्हणून नोंद करता येते, लोकलिझम अ‍ॅक्ट २०११ खाली. टाउन कौन्सिल नामांकन करू शकतं, ठरवतं डिस्ट्रिक्ट. नोंद पाच वर्षं टिकते. मालक विकायला निघाला तर आधी सहा आठवडे, आणि गावाने रस दाखवला तर एकूण सहा महिने थांबावं लागतं. पण विकायचं कुणाला हे मालकच ठरवतो, आणि सहा महिन्यांत पैसे गावाने उभे करायचे. पबसाठी लोक हे करतात. खांबवाल्या बँकेसाठी करायचं तर छताचा खर्च आधी विचारा.

मला त्याहून उपयोगाचं वाटतं ते भाड्याच्या लिलावाचं नवं हत्यार, हाय स्ट्रीट रेंटल ऑक्शन. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडात लागू. गेल्या दोन वर्षांत ३६५ दिवसांहून जास्त काळ रिकामी असलेली व्यापारी जागा स्थानिक प्राधिकरण लिलावाने एक ते पाच वर्षांच्या भाड्यावर देऊ शकतं, मालक तयार नसला तरी. हे टाउन कौन्सिलला नाही, डिस्ट्रिक्टला किंवा युनिटरीला. त्यासाठी त्यांना तुमचा रस्ता आधी तसा ठरवून घ्यावा लागतो. तुमची पिवळ्या कागदवाली इमारत याला चपखल बसेल. सभेला डिस्ट्रिक्ट कौन्सिलर आले असतील तर सगळ्यांसमोर विचारा, 'आमचा हाय स्ट्रीट त्यासाठी नेमलाय का?' आणि खाली बसा.

जुनी_वही

थोडं अवांतर, पण कौन्सिल आणि बँक म्हटल्यावर राहवत नाही. मी बर्मिंगहॅमची. आमच्या कौन्सिलची चक्क स्वतःची बँक होती! १९१६ मध्ये महायुद्धासाठी बचत गोळा करायला कॉर्पोरेशनची सेव्हिंग्ज बँक निघाली, पुढाकार नेव्हिल चेंबरलेन यांचा, तेव्हा ते इथले लॉर्ड मेयर. हो, तेच, पुढे पंतप्रधान झालेले. १९१९ पासून ती बर्मिंगहॅम म्युनिसिपल बँक म्हणून कायमची झाली, गल्लोगल्ली शाखा निघाल्या. १९७६ मध्ये तिचं ट्रस्टी सेव्हिंग्ज बँकेत रूपांतर झालं आणि म्युनिसिपल बँक म्हणून तो अध्याय संपला. ब्रॉड स्ट्रीटवरची १९३३ ची मुख्य कचेरी अजून दिमाखात उभी आहे, आता ती बर्मिंगहॅम विद्यापीठाकडे आहे, खाली तिजोरीतले लॉकरही पाहायला मिळतात.

मग आजच्या कौन्सिलांनी स्वतःची बँक का काढू नये?

पायरीवरून

@जुनी_वही, कारण आजच्या कौन्सिलांना कचरा उचलायला पैसे पुरत नाहीत, आणि बँकेचा परवाना, भांडवल, नियमन हे आमच्यासारख्या टाउन कौन्सिलने बोलायचंही काम नाही. पण क्रेडिट युनियन (सभासदांची सहकारी पतसंस्था) ही वाट खरी आहे. लीड्समध्ये सिटी कौन्सिल आणि तिथली क्रेडिट युनियन बरीच वर्षं मिळून काम करतात. बचत, लहान कर्ज, सावकाराच्या दारात जायची वेळ येऊ नये एवढ्यापुरतं ते उत्तम. सुईदोराताईंच्या गल्ल्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

फुकटचा_सल्ला

बरं बाबा, एक शहाणा प्रश्न विचारतो. लेबर सरकारने साडेतीनशे हब कबूल केलेत ना? मग वाट पाहायची, आपोआप येईल.

पायरीवरून

साडेतीनशे, या संसदेची मुदत संपेपर्यंत. २०२४ च्या अखेरीस शंभरावं उघडलं. आता गेलेल्या शाखा किती ते वर लिहिलंय, वजाबाकी तुम्हीच करा. हब आपोआप येत नाही, ज्या गावाचा अर्ज नीट असतो त्याला येतं. डेव्हनमध्ये ब्रिक्सहॅमला आहे, लंडनमध्ये अ‍ॅक्टनलाही आहे, म्हणजे फक्त खेड्यांचं प्रकरण आहे असंही नाही.

आणि हब आलं म्हणजे बँक परत आली असं समजू नका. आमच्या हबमध्ये माझ्या बँकेचा माणूस गुरुवारी येतो. बुधवारी काही अडलं तर मी गुरुवारची वाट पाहतो. एका बँकेने मध्यंतरी आपला वार बंद करायचा घाट घातला होता, तेव्हा पुन्हा पत्रं लिहावी लागली. कौन्सिलच्या अजेंड्यावर दर तिमाहीला 'रोकड सेवा' असा एक विषय कायम ठेवून घ्या. विषय नसला की क्लार्क बदलला की फाइल हरवते.

सुईदोरा

काका, सगळं छापून घेतलंय. क्लार्कबाईंशी बोलले. सह्यांचा अर्ज राहू देऊ म्हणतात, लोकांचा उत्साह आहे, पण त्याच टेबलावर दुकानदारांसाठी वेगळा फॉर्म ठेवायला तयार झाल्या: खातं कुठल्या बँकेत, आठवड्याची अंदाजे रोकड, सुटे कुठून आणता, पोस्टात मर्यादेची अडचण आली का. नाव लिहायची सक्ती नाही, कारण आमचा चिप्सवाला त्याची रोकड किती हे जगाला सांगणार नाही. पोस्टमास्तर पटेलभाई येतो म्हणालेत. बसचं वेळापत्रक मुलगा काढतोय. कौन्सिलच्या खात्याचा प्रश्न मात्र मी विचारणार नाही, क्लार्कबाई माझ्याकडे कोट शिवायला देतात. मांसवाला विचारणार आहे.

एकच शेवटचं. मंडळाच्या खात्याला कार्ड नाही, दोन सह्यांचं चेकबुक आहे फक्त. गणपती पुढ्यात आहेत. शाखा गेल्यावर दानपेटी पोस्टात कशी भरायची?

अनामिक_पोस्टवाला

हे मी सांगतो. कार्ड नसेल तर बँकेची छापील पेइंग-इन स्लिप लागते, तुमच्या खात्याच्या नंबराची. ते पुस्तक शाखा उघडी आहे तोवर मागून घ्या, दोन घ्या. तुमच्या बँकेची क्लब-मंडळांच्या खात्यांसाठी पोस्टातली मर्यादा किती आहे तेही त्याच खेपेला लेखी घ्या. आणि नाणी बँकेच्या प्लास्टिक पिशव्यांत, एका पिशवीत एकाच किमतीची नाणी, पूर्ण भरून. मिसळलेली पिशवी कुणीही परत करेल, मीही करायचो. त्या रिकाम्या पिशव्याही शाखेतूनच गठ्ठ्याने उचला, नंतर शोधत फिरावं लागेल.

सुईदोरा

उद्याच जाते. पिशव्या मिळाल्या तर इथे कळवते, सभेचं त्यानंतर.